सेकंड-हँड कॉर्ग ट्रायटन क्लासिक: कॉम्बीत आवाज कोरडा, बंद केल्यावर गाणं गायब, तीन पट्ट्या कायम जोरात

मंद्रसप्तक (प्रश्न)

कॉर्ग ट्रायटन क्लासिक, ६१ पट्ट्यांचा सिंथेसायझर. वाजतो छान. स्क्रीन मंद आहे पण वाचता येते, टच जागच्या जागी लागतो. ईएक्सबी-पीसीएमच्या (जादा आवाजांचे बोर्ड) दोन्ही जागा भरलेल्या आहेत, ०२ आणि ०५. सॅम्पलिंग रॅम मूळची १६ एमबी. स्कझी बोर्ड (बाहेरची डिस्क जोडायचा) नाही. मॅन्युअल आहे, पण पुढच्या गोष्टी त्यातून उलगडत नाहीत:

प्रोग्राम (एकटा आवाज) मोडमध्ये भरदार वाटणारा पॅड (लांब रेंगाळणारा आवाज) कॉम्बीत (अनेक प्रोग्रामांचे थर) घेतला की उघडाबोडका होतो. चार-पाच थर लावले की दुसऱ्या हाताने कॉर्ड धरताच आधीचे स्वर कापले जातात.

सिक्वेन्सरमध्ये केलेलं गाणं बंद-चालू केल्यावर नाहीसं होतं. प्रोग्राम मात्र टिकतात. आतली बॅटरी गेली असेल का?

फ्लॉपी ड्राइव्ह दहातल्या चार वेळा एरर देतो. गोटेक (फ्लॉपीऐवजी यूएसबी स्टिक वाचणारा ड्राइव्ह) बसवू का?

मधल्या सप्तकातल्या तीन पट्ट्या कितीही हळू दाबल्या तरी जोरातच वाजतात. ग्लोबलमधला (सगळ्या मशिनचं सेटिंग) वेलॉसिटी कर्व्ह (दाबण्याचा जोर आवाजात कसा उतरतो ते) बदलला, फरक नाही.

डीएडब्ल्यूला (कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) जोडला की प्रत्येक स्वर दुहेरी आणि पोकळ येतो, अर्पेजिएटर (धरलेली कॉर्ड एकेका स्वरात वाजवणारा) गप्प बसतो.

आणि ईएक्सबी बोर्डांचे आवाज नेमके कुठे आहेत? ए ते डी बँका पालथ्या घातल्या, काही दिसलं नाही.

पॅचबेवाला

पहिल्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण 'जुना ट्रायटन आता पातळ वाटतो' असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं घोडं इथेच पेंड खातं.

प्रोग्राममध्ये स्वतःचे पाच इन्सर्ट इफेक्ट (आवाजाच्या वाटेतच बसणारे), दोन मास्टर इफेक्ट (सगळ्यांना सामाईक) आणि ईक्यू असतात. तोच प्रोग्राम कॉम्बीत आला की फक्त ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप येतात. इफेक्ट मागेच राहतात. कॉम्बीचे पाच इन्सर्ट हे सगळ्या आठ टिंबरांत (कॉम्बीतले थर) मिळून पाच. म्हणजे घरात पाच खुर्च्या आणि पाहुणे आठ. कोणाला बसवायचं हे तुम्ही ठरवायचं.

करायचं असं. कॉम्बी मोडमध्ये पी८ला जा. रूटिंगच्या पानावर ज्या टिंबरमध्ये तो पॅड आहे त्याचा बस सिलेक्ट (आवाज कुठे पाठवायचा) 'एल/आर' वरून 'आयएफएक्स१' (पहिला इन्सर्ट) करा. मग स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण दाबून 'कॉपी इन्सर्ट इफेक्ट' निवडा, स्रोत म्हणून तोच प्रोग्राम, त्यातला पहिला इन्सर्ट, आणि उतरवायची जागा कॉम्बीतला पहिला इन्सर्ट. प्रोग्रामात इन्सर्ट साखळीत असतील (एकातून दुसऱ्यात) तर तेवढी साखळी इथेही जोडावी लागते. शेवटी इन्सर्टच्या पानावर त्या इफेक्टचा ऑन बटणाचा रंग पाहा. कॉपी झाला पण ऑन नाही, ही चूक फार वेळा होते.

आता सेंडची (मास्टर इफेक्टला किती आवाज पाठवायचा) खोच. टिंबर थेट एल/आर बसवर असेल तर मास्टर रिव्हर्बला जाणारी पातळी म्हणजे कॉम्बीतल्या टिंबरचा सेंड गुणिले प्रोग्रामातल्या ऑसिलेटरचा सेंड. प्रोग्राममध्ये सेंड शून्य असेल तर कॉम्बीत १२७ लावूनही रिव्हर्बचा थेंब मिळणार नाही. टिंबर इन्सर्टमधून जात असेल तर सेंड इन्सर्टच्या नंतर लागतो, तो इन्सर्टच्या पानावर वेगळा दिसतो. लोक रूटिंगच्या पानावरचा आकडा फिरवत बसतात आणि मशिनला नावं ठेवतात.

ड्रमचा प्रोग्राम असेल तर बस 'डीकिट'वर ठेवा. मग किटातल्या प्रत्येक वाद्याला त्याची स्वतःची वाट मिळते, किक एका इन्सर्टला, स्नेअर दुसऱ्याला. तुमच्या कॉम्बीत ते इन्सर्ट आधीच दुसऱ्याने अडवलेले असतील तर त्याच मेन्यूतल्या 'ड्रमकिट आयएफएक्स पॅच'ने वाटा बदलता येतात. हे केलं नाही तर किक पॅडच्या कोरसमधून जाते आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सबवूफर फुटला.

आवाज कापला जाण्याचं गणित सरळ आहे. ट्रायटन ६२ व्हॉइसचा, म्हणजे एका वेळी ६२ आवाज. सिंगल प्रोग्राम (एक ऑसिलेटर) एका पट्टीला एक व्हॉइस खातो, डबल (दोन ऑसिलेटर) दोन. चार थर, चारही डबल, म्हणजे एका पट्टीला आठ. ६२ भागिले ८, सात पट्ट्यांत पाणी संपतं. सस्टेन पेडल दाबून दोन हातांनी वाजवलं की आठव्या स्वराला पहिला मरणारच. उपाय: थरांपैकी कोणता खरोखर ऐकू येतो ते एकेक टिंबर म्यूट करून बघा. बहुतेक वेळा डबल प्रोग्रामचा दुसरा ऑसिलेटर केवळ किंचित डीट्यून केलेला असतो. त्याला सिंगल करून एक कोरस इन्सर्ट लावला तर तेवढाच रुंद वाटतो आणि व्हॉइस अर्धे लागतात. पट्ट्यांचा पल्ला आणि वेलॉसिटीचा पल्लाही आवळा. बासच्या टिंबरला वरचं सप्तक कशाला हवं? आणि टिंबराला रिलीज लांब दिला असेल तर सोडलेली पट्टीही व्हॉइस धरून बसते, हे विसरू नका.

तापलेली_इस्त्री

पट्ट्यांबद्दल. कर्व्ह बदलून हे जाणार नाही, कारण दोष मोजमापातच आहे. प्रत्येक पट्टीखाली रबराच्या घुमटात दोन कार्बनचे ठिपके असतात. एक आधी टेकतो, दुसरा नंतर. दोघांमधल्या वेळेवरून वेलॉसिटी ठरते. अंतर मोठं म्हणजे हात हळू, अंतर लहान म्हणजे हात जोरात. पहिल्या ठिपक्यावर धूळ-तेल बसलं की तो उशिरा जुळतो, अंतर आकसतं, मशिनला वाटतं जोरात मारलं. दुसरा ठिपका खराब असेल तर उलटं: आवाज हळू, उशिरा, किंवा येतच नाही. म्हणजे तुमच्या तीन पट्ट्यांचा पहिला संपर्क घाण आहे. एवढं निदान मशिन न उघडता होतं. मिडी मॉनिटर (पट्ट्यांचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून एकेक पट्टी हळू दाबा आणि आकडे लिहून काढा. शेजारच्या पट्ट्या ३०-४० देतात आणि ही ११० च्या वर, असं दिसलं की शंका नको. शेजारच्याही ६०-७० कडे सरकत असतील तर पूर्ण पट्टा साफ करा, पुन्हा उघडायला लागू नये.

साफ करताना: वायर काढून ठेवा, मशिन उलटं मऊ पृष्ठभागावर टेकवा, पण जॉयस्टिक आणि नॉब हवेत राहतील असा दोन्ही टोकांना आधार द्या. तळपत्र्याचे स्क्रू लांबी-जाडीत वेगवेगळे असतात. कागदावर मशिनची आकृती काढून जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. फ्लॅट केबल काढण्याआधी फोटो. रबराची पट्टी छोट्या शेपट्यांनी बोर्डाच्या भोकांत अडकलेली असते. ओढून काढायची नाही, मागून बोथट काडीने शेपटी ढकलत सोडायची. बोर्डावरचे काळे-सोनेरी संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसा. रबराच्या आतले काळे ठिपके फक्त कोरड्या कापडाने हलकेच टेकून. घासले तर कार्बनच निघतो आणि मग नवी रबर पट्टी शोधत फिरा. गंज काढायचा स्प्रे इथे अजिबात नको, त्याचा तेलकट थर धुळीला आमंत्रण देतो.

परत बसवताना प्रत्येक शेपटी पूर्ण आत गेली का बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी घुमट तिरका बसतो आणि बरी असलेली पट्टी बिघडते. सगळे स्क्रू आवळण्याआधी पुन्हा मॉनिटरवर तपासा.

गोटेक: बसवा, पण आधी जुन्या फ्लॉप्यांतला माल वाचवा. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून प्रत्येक फ्लॉपीची जशीच्या तशी इमेज काढून ठेवा. ट्रायटन डॉसच्या पद्धतीनेच फॉरमॅट करतो, त्यामुळे फाइल सरळ दिसतात.

गोटेकमध्ये फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर टाका. यूएसबी स्टिक फॅट३२. एफएफ डॉट सीएफजी फाइलीत नॅव्ह-मोड 'इंडेक्स्ड' केला की इमेजची नावं डीएसकेए००००, डीएसकेए०००१ अशी ठेवायची आणि समोरच्या आकड्यावर तीच उघडते. रिकाम्या १.४४ एमबीच्या इमेज करून त्या ट्रायटनच्याच डिस्क मोडमधून फॉरमॅट करा. विकत घेण्याआधी जुन्या ड्राइव्हची केबल पाहा: ३४ पिनी रिबन की २६ पिनी पातळ फ्लॅट केबल. दुसरी असेल तर मधे अडॅप्टर लागतो. रिबन उलटी लागली तर ड्राइव्हचा दिवा सतत पेटून राहतो. तसं दिसलं की बंद करून उलटवा. दिवा बरोबर पण 'डिस्क नाही' म्हणत असेल तर एस० आणि एस१ जंपरची अदलाबदल करून पाहा.

खर्जातला_षड्ज

गाणं गायब होणं हा दोष नाही, ट्रायटन क्लासिकचा स्वभाव आहे. प्रोग्राम, कॉम्बी, ड्रमकिट, अर्पेजिओ लिहून ठेवलेत तर राहतात. गाणी आणि रॅममधले सॅम्पल वीज गेली की जातात. बॅटरी बदलून काही होणार नाही. सुरू करताना बॅटरीबद्दल संदेश येत असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हासुद्धा आधी सगळं डिस्कवर उतरवून मगच बॅटरीला हात लावायचा.

उठण्याआधी डिस्क मोड, 'सेव्ह ऑल'. त्यातून तीन प्रकारच्या फाइली होतात: पीसीजीत आवाज आणि ग्लोबल, एसएनजीत गाणी, केएससीत सॅम्पलची यादी (खरे सॅम्पल केएमपी आणि केएसएफ फाइलींत, नावाच्या फोल्डरात). नुसती एसएनजी ठेवू नका. गाण्यात ट्रॅकला 'बी बँक, ४५' एवढाच पत्ता लिहिलेला असतो, आवाज नाही. पुढे त्या जागी दुसरा प्रोग्राम लिहिलात तर गाण्यात बासरीच्या जागी क्लॅव्हिनेट. कॉम्बीचंही तसंच: एका प्रोग्रामचा फिल्टर बदलून लिहिला की तो वापरणाऱ्या सगळ्या कॉम्बी बदलल्या.

सॅम्पल वापरणाऱ्या प्रोग्रामात रॅममधल्या मल्टिसॅम्पलचा (पट्ट्यांवर पसरलेल्या नमुन्यांचा संच) फक्त क्रमांक असतो. दुसरी केएससी आधी चढवून मग तुमची 'अपेंड' केली तर क्रमांक सरकतात आणि आवाज भलताच येतो. पीसीजी चढवताना केएससीही सोबत चढवायची खूण करा, आणि रॅम आधी मोकळी.

ग्लोबलमधला बदल 'राइट ग्लोबल सेटिंग' केल्याशिवाय टिकत नाही. तुम्ही वेलॉसिटी कर्व्ह बदलला तेव्हा हे केलं नसेल तर तो आता परत जुना झालाय, आणि बरंच झालं. मेमरी प्रोटेक्टचे टिक तिथेच, पी०च्या सिस्टिम प्रेफरन्समध्ये. गाण्याचा टिक लागला असेल तर ना रेकॉर्ड होतं ना लोड.

ईएक्सबीचं: बोर्डात फक्त कच्चे मल्टिसॅम्पल आणि ड्रमचे नमुने असतात. त्यावर बांधलेले प्रोग्राम वेगळ्या पीसीजी फाइलीत, बोर्डासोबतच्या फ्लॉपीवर यायचे. आधीच्या मालकाने त्या बँका पुसून फॅक्टरीच्या टाकल्या असतील. बोर्ड जिवंत आहे का हे आधी पाहा: सुरू होतानाच्या स्क्रीनवर बसवलेले पर्याय दिसतात. मग प्रोग्राम एडिटमध्ये ऑसिलेटरच्या मल्टिसॅम्पलची बँक रॉमवरून त्या बोर्डावर करा, आवाज आलाच पाहिजे.

पीसीजी मिळाली की सरसकट चढवू नका, तुमचं सगळं पुसलं जाईल. आधी स्वतःचं सेव्ह, मग पीसीजी उघडून आतली एकच बँक निवडून डी वर चढवा. फक्त एक: त्या फाइलीतल्या कॉम्बी मूळ बँकेकडेच बोट दाखवत राहतात. प्रोग्राम डी वर नेलेत तर कॉम्बीतल्या टिंबरांचे पत्ते हाताने बदलायला लागतील.

मंद्रसप्तक

सुरू होताना दोन्ही बोर्डांची नावं दिसतात, आणि ०५ मधला मल्टिसॅम्पल ऑसिलेटरला लावल्यावर वाजला. सेंडचं गुणाकाराचं प्रकरणही तंतोतंत तेच निघालं, प्रोग्राममध्ये सेंड२ शून्य होता.

दोन प्रश्न राहिले. गोटेकमुळे सॅम्पलिंगची जागा सुटते का? आणि कॉम्बीवर वाजवलेलं थेट सिक्वेन्सरला न्यायचं तर प्रत्येक वेळी इफेक्ट पुन्हा बांधायचे का?

तापलेली_इस्त्री

नाही सुटत. ट्रायटनचं सॅम्पलिंग १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, म्हणजे मोनोला सेकंदाला ९६,००० बाइट. १६ एमबीत सुमारे २ मिनिटं ५४ सेकंद मोनो मावतं. १.४४ एमबीच्या एका इमेजमध्ये जेमतेम १५ सेकंद. भरलेली रॅम सेव्ह करायला डझनभर इमेज बदलत बसायच्या, दर वेळी पुढची डिस्क मागतो. पीसीजी आणि एसएनजीला गोटेक फर्स्ट क्लास. सॅम्पल मनापासून वापरायचे असतील तर ईएक्सबी-स्कझी बोर्ड शोधा आणि त्याला स्कझी एम्युलेटर लावा, कार्डावर चालणारा. जुन्या स्कझी हार्ड डिस्कवर पैसे घालू नका. एम्युलेटरला स्कझी केबलमधून टर्म पॉवर मिळत नसेल तर बाहेरून ५ व्होल्ट द्यावे लागतात, आणि साखळीच्या टोकाला टर्मिनेशन हवंच. नाहीतर छोट्या फाइली जातात आणि मोठ्या अर्ध्यात अडकतात.

रॅम ७२ पिनी सिमने ६४ एमबीपर्यंत वाढते. पण स्कझीच्या आधी रॅम वाढवणं म्हणजे विहीर खणून दोर न घेणं. तेवढं भरणार कुठून आणि उतरवणार कुठे? ज्या क्रमाने सांगितलं त्याच क्रमाने खर्च करा.

पॅचबेवाला

इफेक्ट पुन्हा बांधायचे नाहीत. सिक्वेन्सर मोडच्या मेन्यूत 'कॉपी फ्रॉम कॉम्बी' आहे, 'विथ इफेक्ट्स'वर टिक करा. त्याहून सोपं, नव्या ओएसवर कॉम्बी मोडमध्ये असतानाच एंटर दाबून धरून रेक/राइट दाबा: ऑटो साँग सेटअप. कॉम्बी रिकाम्या गाण्यात उतरते आणि रेकॉर्ड तयार. कॉम्बीची टिंबरं वेगवेगळ्या चॅनलांवर असतील तर प्रेफरन्समध्ये 'मल्टी रेक' हवं, नाहीतर एकाच ट्रॅकवर वाजलेलं धरलं जातं आणि बाकीचे थर प्लेबॅकला मुके.

एंटर धरून ० ते ९ आकडे दाबले की पानाच्या मेन्यूतल्या पहिल्या दहा आज्ञा मिळतात. तो इवलासा त्रिकोण बोटाने पकडण्यापेक्षा हे बरं, टचही कमी झिजतो.

क्लॉक_मास्टर

डीएडब्ल्यूचं कोणी घेतलं नाही म्हणून.

दुहेरी आवाज: पट्टी दाबली की एकदा ट्रायटन स्वतः वाजतो, मग तोच स्वर डीएडब्ल्यूतून फिरून परत येतो. काही मिलिसेकंदांच्या फरकाने दोन सारखे आवाज, म्हणून पोकळपणा, आणि व्हॉइसही दुप्पट खर्च, ६२ चे ३१. ग्लोबलच्या मिडी पानावर 'लोकल कंट्रोल ऑन'ची खूण काढा, डीएडब्ल्यूत ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू ठेवा. एकट्याने वाजवायला नेताना खूण परत लावायची, नाहीतर ऐन वेळी पट्ट्या मुक्या.

अर्पेजिएटर: त्याच पानावर मिडी क्लॉक 'एक्स्टर्नल मिडी'वर असणार. बाहेरून क्लॉक येत नसेल तर तो वाट बघत बसतो. एकतर डीएडब्ल्यूतून त्या पोर्टला क्लॉक पाठवा किंवा 'इंटर्नल' करा. मागचं टू-होस्ट सॉकेट जुन्या सीरियल पद्धतीचं आहे, त्याच्या नादी लागू नका. पाच पिनी मिडी इन-आउट आणि साधा यूएसबी मिडी इंटरफेस पुरतो.

अनेक आवाज एकाच वेळी हवे असतील तर कॉम्बी मोड सोडा, सिक्वेन्सर मोडमध्ये रिकामं गाणं उघडा: १६ ट्रॅक, १६ चॅनल, ट्रॅकचं स्टेटस 'आयएनटी'. 'ईएक्सटी' लावलेला ट्रॅक आतून वाजत नाही. मशिन बिघडलं असं समजून लोक इथेच घाबरतात. डीएडब्ल्यूतून प्रोग्राम बदलताना बँक भलतीच येत असेल तर ग्लोबलमधला बँक मॅप पाहा. 'कॉर्ग' असेल तर ए बँक म्हणजे सीसी० (सीसी म्हणजे मिडी कंट्रोल क्रमांक) ला ० आणि सीसी३२ ला ०. 'जीएम(२)' असेल तर सीसी० ला ६३.

रेकॉर्डिंगला एल/आर शिवाय चार स्वतंत्र आउट आहेत, ते वापरा. किक १ वर, बास २ वर. पण मास्टर इफेक्ट फक्त एल/आरमध्येच परततात, त्यामुळे स्वतंत्र आउटवर गेलेल्या आवाजाचा रिव्हर्ब डीएडब्ल्यूतच लावायचा. इन्सर्ट मात्र त्याच्यासोबत जातो. व्हॉल्यूम स्लायडर पूर्ण वर, पातळी इंटरफेसवर जुळवा. अर्ध्यावर ठेवून पुढे गेन वाढवला तर हिस्सच वाढतो.

नॉब 'ए' मोडमध्ये असताना सीसी ७४, ७१, ७९, ७२ पाठवतात: कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलपची तीव्रता, रिलीज. हे डीएडब्ल्यूत रेकॉर्ड होतात आणि परत वाजतातही. जॉयस्टिक पुढे ढकलली की सीसी १, मागे ओढली की सीसी २, रिबन सीसी १६. पॅडवर फिल्टर हळूहळू उघडायचा तर ७४ ची रेघ माउसने काढण्यापेक्षा नॉब फिरवूनच रेकॉर्ड करा, ट्रायटनचा हात त्यात दिसतो.

मंद्रसप्तक

लोकल बंद केल्यावर पोकळपणा गेला. क्लॉक खरंच एक्स्टर्नलवर होता. पट्ट्यांचे आकडे काढले: तिन्ही ११५ ते १२७, शेजारच्या दोन ७० च्या आसपास, बाकी सगळ्या ३५ ते ४५.

तापलेली_इस्त्री

मग पाचही एकाच रबर पट्टीवर असतील. ती पूर्ण काढून साफ करा, आणि तिच्या दोन्ही टोकांच्या पुढच्या दोन-दोन पट्ट्याही, धूळ तिथून पसरते.